अर्धा मेलाय, अर्धे द्या

किस्से गोळा करायला लोक गावोगाव हिंडतात म्हणे. मला हिंडावं लागलं नाही. मी पडवीत खाटेवर पडून होतो आणि किस्से आपल्या पायांनी चालत आले. पायांचा तुटवडा फक्त माझ्याकडे होता. एक आला की तो दुसऱ्याला घेऊन यायचा, दुसरा तिसऱ्याला. असे साठत साठत एवढे झाले, की आता कोणी 'पास्कू, पडलास कसा?' विचारलं तर पडण्याची गोष्ट सगळ्यात छोटी आणि पुढच्याच मोठ्या.

मी चौक गावचा सुतार. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. भाईंदरला स्टेशनाच्या अंगाला मगनशेठ नावाच्या कंत्राटदाराचं एका गोदामाचं काम चाललं होतं. खाली माल, वर खोल्या. मी वरच्या खिडक्यांच्या चौकटी बसवत होतो. उभं राहायला बांधलेल्या परांचीचा दोर तुटला आणि मी पाठीवर पडलो, खाली दगडाच्या खपल्यांच्या ढिगावर.

हिरू म्हात्रे धावत आला. हिरू खारी गावचा गवंडी, माझा जोडीदार. आम्ही कामं एकत्रच धरायचो. मी त्याला म्हटलं, "हिरू, माझे पाय कुठं हायत?"

हिरूनं वाकून बघितलं. "हायत रं. दोन्ही हायत. जागच्या जागी हायत."

तो खोटं बोलला नव्हता. पाय आजही जागच्या जागी आहेत.

*

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्यात एक दोरी असते, ती चिरडली गेलीय. कमरेखाली आता जीव यायचा नाही. काही महिने ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं. जाताना माझ्या बायकोला, रेजिनाला, एकच गोष्ट समजावली: ह्याला एका कुशीवर पडू द्यायचं नाही, सारखं वळवत राहायचं. नाहीतर पाठ सडेल, आणि अशी माणसं पाठ सडूनच जातात.

रेजिना मासे सुकवणारी. तिला हे लगेच पटलं. "म्हंजे बांगड्यासारकं," ती म्हणाली.

तेव्हापासून मी एकदा रस्त्याकडे तोंड करून असायचो, एकदा भिंतीकडे. रस्त्याची पाळी असली की येणारेजाणारे बोलायचे. भिंतीची पाळी आली की मला नको नको ते सुचायचं. आपण मेलो असतो तर रेजिनाला सोपं गेलं असतं, हे मी त्या भिंतीला पुष्कळदा सांगितलंय. हिरू खारीहून चालत यायचा तेव्हा कधी मी नेमका भिंतीकडे असायचो. तो माझ्या पाठीशीच बोलत बसायचा.

"पाठ बरी दिसतेय आज," तो म्हणायचा. "तोंड कसं हाय?"

*

घरात मुख्य मिळवता मीच. रेजिना टोपली घेऊन बाजाराला जायची, तेही आता बंद. मला वळवणार कोण?

आमच्या गावात एक मयत-फंड होता. घरटी थोडं थोडं जमवायचं आणि कोणी गेलं की मयताच्या पेटीचा, बँडचा खर्च त्यातून द्यायचा. कारभारी होते जुजेकाका. नियमाचे फार पक्के. हिरूनं त्यांच्याकडे शब्द टाकला, आणि सभा भरली आमच्याच पडवीत. मी फंडाचा सभासद, मला ऐकू यायला पाहिजे म्हणून.

जुजेकाका म्हणाले, "आमची काय ना न्हाय. पण नियम म्हंजे नियम. माणूस मेल्याबिगर पैशे निघत न्हाय."

रेजिना म्हणाली, "मेल्यावर ह्याला पैशे कशाला लागतील?"

ह्यावर बराच वाद झाला. कोणी म्हणालं, उसने द्या. कोणी म्हणालं, उसने कोण फेडणार, आणि माझ्याकडे बघून गप्प झालं. कोपऱ्यात एक म्हातारे आजोबा बसले होते. ते गावच्या कुठल्याही सभेत बोलत नसत. त्यांनी विचारलं, "कमरेखाली मेलाय ना?"

"हो," जुजेकाका म्हणाले.

"मग अर्धा मेलाय. अर्धे द्या."

रेजिनाच्या तोंडाकडे बघायची कोणाची छाती होईना. आणि मला हसू फुटलं. पडल्यापासूनचं पहिलं हसू. पाठीतून कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. मग बाकीचे हसले. सगळ्यात शेवटी जुजेकाका.

अर्धे मिळाले. उरलेले अर्धे अजून फंडातच आहेत. मला घाई नाही.

*

मग एक दिवस मगनशेठ स्वतः आला. बरोबर मुनीम, पेढ्यांचा पुडा, डझनभर मोसंबी. शेठ तसा मनानं वाईट नव्हता. मला बघून त्याचे डोळे भरले, ते खोटे नव्हते. पण कंत्राटदाराचे डोळे भरले तरी त्याचा मुनीम कोरडाच असतो. त्यानं एक स्टँपाचा कागद काढला.

"पास्कल, तू माझा माणूस," शेठ म्हणाला. "आपल्यामधी कोरट-कचेरी कशाला? हे थोडा पैसा राख, आणि इथे सही कर."

रेजिनानं विचारलं, "शेठ, ह्याच्यात काय लिवलंय?"

"काय नाय बेन, नुसता प्रेमाचा कागद हाय."

"मग हितं नको," रेजिना पदर खोचत म्हणाली. "आमच्यात प्रेमाचा कागद देवळात करतात, फादरच्या समोर. तेच वाचून दाखवतात आणि मग सह्या. चला, फादर आता घरीच असतील."

मुनिमानं कागदाची घडी केली. शेठला एकाएकी दुसरं काम आठवलं. पेढे मात्र ते ठेवून गेले. चांगले होते.

*

कायद्याची गोष्ट आम्हाला कळली ती इस्पितळातच. शेजारच्या खाटेवर एक गिरणी कामगार होता. तो हिरूला म्हणाला, कामावर जखमी झालेल्याला मालकानं भरपाई द्यायची असा सरकारचा कायदा आहे, फक्त मागायला पाहिजे. हिरूनं ते मनात धरलं होतं. शेठचा मुनीम येऊन गेल्यावर तो म्हणाला, "त्यांनी कागद आणला म्हंजे कायदा खरा हाय."

वकील शोधायला तो ठाण्याला गेला. ओळख कोणाची नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसून राहिला. त्यानं आपली एक युक्ती काढली होती: ज्या वकिलाचा पक्षकार हसत बाहेर येईल तो वकील चांगला. दुपारपर्यंत सगळे रडकी तोंडं घेऊन बाहेर पडत होते. मग एक माणूस खदाखदा हसत आला, आणि त्याच्या बरोबरीनं काळ्या कोटातले एक उंच, सडपातळ गृहस्थ. हिरूनं त्यांचे पायच धरले.

ते टिपणीस वकील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केस घेतली, पैसे निकालानंतर बघू म्हणाले. हिरू विजयी मुद्रेनं परत आला.

पुष्कळ दिवसांनी मी टिपणिसांना हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "तो हसणारा होय? तो समोरच्या पक्षाचा माणूस. आम्ही हरलो होतो त्या दिवशी."

*

टिपणीस पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी माझी पाठ बघितली नाही, पाय बघितले नाहीत. खुर्चीवर बसता बसता विचारलं, "इमारत किती मजली?"

हिरू म्हणाला, "एक खाली, एक वर."

टिपणिसांचा चेहरा खुलला. कायदा असा होता, त्यांनी सांगितलं, की इमारतीच्या कामावरचा माणूस असेल तर ती इमारत एक मजल्याहून जास्त पाहिजे. बैठ्या घरावरून पडलेल्याला काही नाही.

"म्हणजे पडायचं तर उंचावरून पडायचं," मी म्हटलं.

"कायद्याचा सल्ला म्हणून विचारशील तर, हो," टिपणीस म्हणाले.

पण शेठच्या वकिलालाही कायदा येत होता. त्यानं लेखी उत्तर दिलं: इमारत एकमजलीच आहे, वर आहे तो मजला नाही, सामान ठेवायचा माळा आहे. शिवाय पास्कलचीच चूक, शेठनं बजावूनही त्यानं दोर तपासला नाही. आणि शिवाय तो म्हणतो तेवढा पांगळाही नाही.

मी कुठून पडलो ते मला माहीत होतं. त्याला मजला म्हणायचं की माळा, ह्याच्यावर आमची चूल पेटायची होती.

*

मला ठाण्याला न्यायचं कसं हा मोठाच प्रश्न. चौकहून भाईंदरपर्यंत बैलगाडीच्या धक्क्यांनी उरलेला अर्धाही गेला असता. शेवटी रेजिनाच्या भावानं आपली होडी काढली. खाट होडीत, खाटेवर मी, उशाला रेजिना, पायथ्याला हिरू. भरतीबरोबर खाडीनं वर जायचं, घोडबंदर मागे टाकून ठाण्याला लागायचं. आदल्या दिवशी त्याच होडीतून सुके बोंबील गेले होते. मला कोर्टात नेऊन ठेवलं तेव्हा आधी बोंबील हजर झाले, मग मी. पट्टेवाल्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या.

जज्जसाहेब वयस्क होते, हळू बोलायचे. त्या दिवशी फक्त पुढची तारीख पडली. तारीख ऐकून रेजिना उठून उभी राहिली.

"साहेब, त्या दिशी अष्टमी हाय."

"मग? उपास आहे का तुमचा?"

"न्हाय साहेब. अष्टमीला सकाळी ओहोटी असते. होडी हिकडं कशी येल? पुनवेला बोलवा, न्हायतर अवसेला. सकाळी भरती घेऊन येऊ, दुपारच्या ओहोटीनं घरी जाऊ."

शेठचा वकील उठला. म्हणाला, कोर्टाचं काम खाडीच्या पाण्यावर चालत नाही. आणि दुसरं, आपले अशील अमावस्येला घराबाहेर पडत नाहीत.

जज्जसाहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कारकुनाला पंचांग आणायला पाठवलं. तेव्हापासून आमची केस पौर्णिमेला चालायची. टिपणिसांचे ठाण्यातले मित्र त्यांना विचारायचे, "काय, या महिन्याची सत्यनारायणाची पूजा कधी?"

*

मी पांगळा नाही हे सिद्ध करायला शेठच्या वकिलानं एक साक्षीदार आणला. राई गावचा माणूस. त्यानं शपथेवर सांगितलं, की चौकला एका लग्नात त्यानं मला स्वतःच्या डोळ्यांनी नाचताना बघितलंय.

आमच्या बाजूला सगळेच चपापले, कारण लग्नाला मी गेलो होतो हे खरं होतं. रेजिनाच्या मावसबहिणीचं लग्न. टिपणीस माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे मिटून घेतले.

टिपणिसांनी विचारलं, "चांगला नाचत होता?"

"एकदम झकास."

"बँडच्या तालावर?"

"हो तर. सगळ्यांच्या मधोमध."

टिपणिसांनाही पुढचं माहीत नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "आणि पाय? पाय जमिनीवर कसे पडत होते?"

"पाय जमिनीवर न्हवतेच, साहेब," साक्षीदार म्हणाला. "तो लय उंच नाचत होता. लोकांच्या डोक्याच्या वर."

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "त्याला कोणी उचललं होतं का?"

"चौघांनी," साक्षीदार प्रामाणिकपणे म्हणाला. "खुर्चीसकट."

*

शेठची साक्ष मात्र सुरेख चालली होती. एकमजली बैठी इमारत, वर नुसता माळा, हे तो न अडखळता बोलला. टिपणिसांनी उलटसुलट विचारून पाहिलं, हलला नाही. मला वाटलं, संपलं. होडीत परत जाताना रेजिनाला काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव मी करायला लागलो, आणि ती माझ्या उशालाच उभी होती.

शेवटी शेठच्याच वकिलाला वाटलं, चूक पास्कलची होती हे पक्कं करून घ्यावं. त्यानं विचारलं, "दोर नीट बघ म्हणून तुम्ही ह्याला बजावलं होतं?"

"बजावला ना. किती वेळा."

"त्यानं ते ऐकलं असेल कशावरून? तुम्ही लांब असाल."

"लांब कशाला? मी बाजूलाच होतो," शेठ म्हणाला. "तो परांचीवर, आणि मी वरच्या मजल्यावर, खिडकीमधी उभा."

वकिलानं मान खाली घातली. टिपणीस उठलेसुद्धा नाहीत. जज्जसाहेबांनी टाक खाली ठेवला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "शेठ, माळ्याला खिडक्या होत्या?"

आता ही शेठच्या कामाची गोष्ट. इतका वेळ तो आरोपीसारखा उभा होता. पहिल्यांदाच कोणी त्याला त्याच्या इमारतीबद्दल विचारलं. तो ताठ झाला.

"होत्या ना साहेब, चारी बाजूला. हवा एकदम फसक्लास. फॅमिली राहील असा."

*

निकाल आमच्या बाजूनं लागला. रक्कम सांगत नाही. हातात पडली तेव्हा फार वाटली, नंतर तेवढी नव्हती असं दिसलं. तिच्यातून मी बुटकं बाक करून घेतलं, बसून रंधा मारता येईल असं. पाठीला टेका देणारी खुर्ची माझी मीच केली, तिला चाकं लावली. पाट, पेट्या, पाळणे, देवळातली बाकं दुरुस्त करणं, असं काम येत गेलं. रेजिना परत टोपली घेऊन बाजाराला जायला लागली. ती नसताना मला वळवायला शेजारच्या बायका यायच्या, आणि प्रत्येकीची वळवायची पद्धत वेगळी.

मग लोक यायला लागले. मिठागरावर पाय मोडलेला, खाणीत हात गेलेला. "पास्कू, ह्याला कायदा लागतो काय?" मी त्यांना टिपणिसांकडे धाडायचो. पुष्कळांना लागायचा नाही. राईचा एक ताडी काढणारा माडावरून पडला, माझ्यासारखाच, पाठीवर. त्याचा भाऊ माझ्याकडे आला. मी त्याला मजल्यांचं सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "माड दुमजली धरता येईल काय?"

मी ते टिपणिसांना कळवलं. ते हसले नाहीत. त्यांनी मेहनत घेतली, पण ते काही धरता आलं नाही. त्याला मी रेजिनाला घेऊन दोनदा भेटून आलो. तिनं त्याच्या बायकोला वळवायचं शिकवलं. एवढंच आमच्या हातात होतं.

*

एक किस्सा मात्र मी मागे ठेवलाय. हा पैसे घ्यायच्या दिवसाचा.

शेठनं रक्कम कोर्टात भरली होती. ती आम्हाला मिळायची म्हणजे आधी ओळख पटवायला हवी, की हा जो खाटेवर आहे तोच तो पास्कल, जो पडला. टिपणीस म्हणाले, मी सांगतो. कारकून म्हणाला, तुम्ही वकील, तुम्ही ह्याला पडल्यानंतर ओळखता. आधीपासून ओळखणारं पाहिजे. हिरू होडीपाशी थांबला होता. तेव्हा कारकुनानं रेजिनाला पुढे बोलावलं.

"बाई, ह्याच्याकडे नीट बघा. कामावर पडलेला तुमचा नवरा तो हाच ना?"

रेजिनानं नीट बघितलं. मला वाटलं, ती हो म्हणेल आणि आम्ही ओहोटी पकडू. ती बघतच होती. पाठीमागे माणसं खोळंबली होती.

"बाई, विचारतोय मी. हाच का तो?"

"जो पडला, तो शनवारचा घरी यायचा," रेजिना म्हणाली. "जेवायचा, झोपायचा, सोमवारी कामाला जायचा. आमचं लगीन झाल्यापास्नं असंच. हा दिवसभर माझ्याशी बोलतो."

टिपणीस म्हणाले, "रेजिनाबाई, त्यांना फक्त हो की नाही एवढंच पाहिजे."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. "मग काय लिहू?"

"हा माझा हाय, लिवा," रेजिना म्हणाली. "त्याचं मना काय म्हाईत न्हाय."